ओल पावसाची नव्हती

वडोदऱ्यात भायलीकडच्या एका घरात, ऐन ऑगस्टमध्ये, बेडरूमच्या स्विचबोर्डाभोवती बुरशीचे काळे ठिपके आले होते. भिंती एसआयपी (सँडविचसारख्या तयार) पॅनलच्या: दोन्ही बाजूंना ११ मिमीची ओएसबी (लाकडाच्या चिपट्या दाबून केलेली फळी), मध्ये ९० मिमी ईपीएस, म्हणजे थर्मोकोलच. घरमालक काकांचं ठाम मत होतं, "अहो, पाऊस मुरतोय. विटेचंच बांधायला हवं होतं."

बाहेरून त्या भिंतीवर पाइपनं भरपूर पाणी मारलं. आत थेंब नाही. मग ओलावामापकाच्या सुया टोचल्या. बाहेरच्या ओएसबीत १५ टक्के, आतल्या ओएसबीत बोर्डालगत २६. पाऊस मुरला असता तर आकडे उलटे आले असते. २० च्या वर ओलावा टिकला की ओएसबीला धोका सुरू होतो.

मुख्य दारात ब्लोअर डोअरचा (हवेची गळती शोधायचा) पंखा बसवून घरातला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलनं कमी केला. बोर्डाची प्लेट काढून धुराची कांडी समोर धरली, तर धूर झपकन खोलीत उडाला. हवा भिंतीतून येत होती. वाट सापडली एसीच्या तांब्याच्या नळ्यांपाशी. ६५ मिमीचं भोक, बाहेरून नुसतं पांढरं सिमेंट, तेही तडकलेलं. आणि भोक पाडताना पॅनलमधला वायरिंगचा मार्ग छेदला गेलेला. बाथरूमचा एक्झॉस्ट लावला की बाहेरची हवा याच वाटेनं ओढली जायची.

बाहेर ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. अशा हवेचा दवबिंदू २६ च्या आसपास. एसी २३ वर. आतली फळी दवबिंदूखालीच, तेव्हा तिथे हवा पाणी सोडणारच. अलास्कातल्या जुनो गावात एसआयपीची छपरं कुजली ती उलट दिशेनं: घरातली उबदार, दमट हवा सांध्यांतून वर गेली आणि बाहेरच्या गार फळीवर तिचं पाणी झालं. थंड प्रदेशात वाफरोधक थर आतून देतात तो त्यासाठी. तो नियम आपल्याकडे उचलू नये. काकांच्या भिंतीला आतून व्हिनाइल वॉलपेपर होता; त्यानं ओल कोंडून ठेवली.

दुरुस्ती अशी: वॉलपेपर काढला. स्क्रूड्रायव्हर टोचून फळी कुठे मऊ झालीय ते पाहिलं. सुदैवानं कुठेच नव्हती, म्हणून नुसती सुकू दिली. एसीचं भोक बाहेरच्या बाजूला उतार देऊन कमी फुगणाऱ्या पीयू (पॉलियुरेथेन) फोमनं भरलं, वर पीयू सीलंट. वायरिंगच्या मार्गाची दोन्ही तोंडं आणि बोर्डाची पेटीही बंद केली. सॉल्व्हंटचा गोंद इथे चालत नाही, ईपीएस विरघळतो. वायरही उघडी ठेवायची नाही: पीव्हीसी मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर ईपीएसमध्ये उतरतं आणि वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. वायरसाठी नळी, म्हणजे कॉन्ड्युट, हवीच. आणि इलेक्ट्रिशियनला बजावून ठेवावं, विटेच्या भिंतीसारखी आडवी झिरी मारायची नाही. भार ओएसबीच पेलते.

राहिला एसी. दीड टनाचा, विटेच्या घराच्या हिशोबानं घेतलेला. प्लास्टर केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीचा यू-व्हॅल्यू (भिंतीतून उष्णता किती जाते त्याचं माप) साधारण २, या पॅनलचा ०.४ च्या आत. खोली पटकन गार होते, कॉम्प्रेसर बंद पडतो, हवेतला दमटपणा तसाच राहतो. त्या खोलीला एक टन पुरेसा आहे. काका तयार झाले, पण दिवाळीनंतर.