पाटीवरचे गेलेले आणे

इनॅमलच्या जुन्या जाहिरातपाटीचे वैशिष्ट्य असे, की तिचा रंग सहसा विटत नाही. तिला खाते ते गंज. लोखंडी पत्र्यावर काचेची रंगीत पूड बसवून तो सुमारे ८०० अंश सेल्सियसच्या भट्टीत घातला, की पूड वितळून पत्र्याला कायमची धरून राहते. निळी जमीन एका भाजणीत, तिच्यावरची पांढरी अक्षरे पुढच्या भाजणीत, अशी पाटी टप्प्याटप्प्याने तयार होते. म्हणजे ज्याला आपण रंग समजतो ती खरोखर काच असते, आणि म्हणूनच अनेक उन्हाळे-पावसाळे दुकानाच्या दारावर काढूनही तिचा निळा रंग निळाच राहतो. परंतु काच म्हटली की तिचा टवकाही उडणारच. एकदा टवका उडाला की उघड्या पडलेल्या लोखंडावर गंज चढतो, तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आणि फुगता फुगता शेजारच्या धडधाकट काचेलाही खालून उचलून टाकतो.

आमच्याकडे आहे ती पाटी ब्रुक बॉण्ड चहाची. आजोबांच्या किराणा दुकानाच्या दर्शनी भागावर ती होती. दुकान बंद झाल्यावर परसातल्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून तिची नेमणूक झाली, आणि तेथे तिने दुकानात केली त्याहून अधिक काळ चाकरी केली असावी. चारही कोपऱ्यांतील खिळ्यांच्या भोकांभोवती गंजाची वर्तुळे आहेत, मधोमध कोणीतरी मारलेल्या दगडाची चांदणीसारखी खूण आहे, आणि उजवीकडचा खालचा भाग तर काच जाऊन पूर्ण तपकिरी झाला आहे. वाडा रिकामा करताना ती निघाली, तेव्हा भंगारात घालण्याचा विचार कोणाच्याच मनात आला नाही. मतभेद सुरू झाले ते त्यानंतर.

माझ्या धाकट्या भावाचे पुण्यात अमृततुल्य आहे. चहाच्या दुकानात चहाची पाटी, तीही आजोबांची, याहून योग्य जागा तिला कोठे मिळणार, हे त्याचे म्हणणे मला मान्यच आहे. मात्र ती तेथे नव्यासारखी झळकावी असा त्याचा आग्रह आहे, आणि त्यासाठी त्याने एक पेंटरही ठरवला होता. पेंटरने पाटी उलटसुलट करून पाहिली आणि लांबी (पुट्टी) भरून, घासून, वरून ऑइल पेंट मारून दोन दिवसांत ‘ओळखू येणार नाही’ अशी करून देतो, असे सांगितले. भावाला हे आश्वासन वाटले. मला ती धमकी वाटली.

तरीही भावाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पाटी हे काही ताम्रपट नव्हे. ती रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाची नजर खेचण्यासाठी केलेली वस्तू होती, आणि गंजलेली पाटी आजोबांनी स्वतःच दुकानावर ठेवली नसती. तिचा गंज जपणे म्हणजे तिच्या मूळ हेतूविरुद्ध वागणे होय, असे कोणी म्हटले तर ते सहजासहजी खोडून काढता येत नाही. जुन्या बाजारात तर हल्ली नव्या पाट्यांना मुद्दाम गंज चढवून त्या जुन्या म्हणून विकतात, त्यामुळे गंज आहे म्हणून वस्तू खरी, हेही खरे नाही.

माझा हात अडला तो उजव्या कोपऱ्यापाशी. तेथे पुड्याची किंमत होती. ‘आणे’ यातला शेवटचा काना-मात्रेचा तुकडा अजून दिसतो. त्याच्या आधीचा आकडा पूर्ण गेला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी आण्यांच्या जागी दशमान नाणी आली, तेव्हा पाटी त्याआधीची असणार एवढे त्यावरून कळते, पण आकडा कळत नाही. पेंटरच्या दृष्टीने ही अडचणच नव्हती. सांगाल तो आकडा काढतो, म्हणाला. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद तयार झाली, तिच्यात असे म्हटले आहे की जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनरुद्धाराचे काम थांबले पाहिजे. ती सनद मंदिरे आणि किल्ले यांच्यासाठी आहे, टाकीच्या झाकणासाठी नाही, हे मला ठाऊक आहे; तरी किती आणे, हा तर्कच आहे.

शिवाय पेंटरने ‘येथें मिळतो’ यातला ‘थें’वरचा अनुस्वार चूक समजून बोटाने दाखवला, आणि तो काढून टाकण्याची तयारीही दर्शवली. १९६२च्या लेखननियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पाटी घडली तेव्हा तो अनुस्वार नसणे हीच चूक ठरली असती. (तशी या पाटीवर मुळातच एक कल्पित गोष्ट आहे. १८६९ साली मँचेस्टरमध्ये दुकान काढणाऱ्या आर्थर ब्रुकचा बॉण्ड नावाचा कोणी भागीदार नव्हताच. नाव कानाला बरे वाटले म्हणून त्याने ते जोडले. एका पाटीवर एवढी कल्पकता पुरे.)

मग ठरले ते असे, की गंज थांबवायचा आणि आकडा भरायचा नाही. पुन्हा भट्टीत घालून काच चढवण्याचा मार्ग जवळपास बंदच असतो, कारण गंजलेला पत्रा तेवढ्या उष्णतेत उरलेली काचही सोडून देण्याची भीती असते. आणि दुकानात मिळणारे गंज घालवणारे तीव्र आम्ल काचेची चकाकी मारते व कडेखाली शिरून बसते. त्याऐवजी सुटा गंज मऊ ब्रशने झाडून, उरलेल्या घट्ट गंजावर टॅनिक आम्लाचे पाणी हलक्या हाताने लावले, की तपकिरी गंज हळूहळू निळसर काळा होतो आणि बराच स्थिरावतो. ही काही परकी विद्या नव्हे. हिरड्यात हेच टॅनिन असते, आणि हिरडा व हिराकस (लोखंडाचा एक क्षार) यांची काळी शाई ज्या रसायनावर होत असे, तेच येथे पत्र्यावर घडते. सुटत चाललेल्या कडांना पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखे द्रव्य लावायचे. ते पुढे कोणाला नकोसे झाले तर ॲसिटोनने निघते, आणि मला ते पटले ते मुख्यतः या गुणामुळे: आपल्यानंतरच्या माणसाला आपले मत पुसता आले पाहिजे. वरून मेणाचा पातळ हात. टांगताना स्क्रूखाली चामड्याची चकती घालायची आणि तो फार आवळायचा नाही, कारण इनॅमलच्या पाट्यांचे कोपरे बहुतेक वेळा आवळल्यामुळेच फुटलेले असतात.

हे सगळे केल्यावर पाटी नवी दिसत नाही. ती स्वच्छ, जरा काळवंडलेल्या कोपऱ्याची आणि वाचता येईल अशी दिसते, आणि ती माझ्याकडे पुस्तकांच्या कपाटाशेजारी आहे. भावाने तिचा फोटो घेऊन, संगणकावर सगळे टवके भरून, पत्र्यावर तिची झगझगीत नक्कल छापून घेतली व दुकानात लावली; ती शोभते, हे मान्य केले पाहिजे. अनुस्वार त्याने माझ्याखातर ठेवला आहे. किंमत मात्र ‘दोन आणे’ अशी घातली आहे, आणि थोरले काका चहाला गेले की दीड आणा होता म्हणून दर वेळी त्याच्याशी वाद घालतात.