सर, ह्या सर्टिफिकेटांचा ॲडमिशनला उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. सांगलीतल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. निकालाचे दिवस आले की पालक फाईल घेऊन येतात. फाईलमध्ये एलिमेंटरी, इंटरमिजिएट (चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षा), कराटेचा पट्टा, अबॅकस आणि कुठल्याशा 'राष्ट्रीय' रंगभरण स्पर्धेचं सुवर्णपदक. (फी भरली की सुवर्णच. त्या स्पर्धेत रौप्य मिळालेलं पोरगं मला अजून भेटायचंय.) प्रश्न ठरलेला: सर, ह्याचा ॲडमिशनला उपयोग होतो का?

कुठल्या ॲडमिशनला, ते आधी सांगा. वालचंदला इंजिनिअरिंग किंवा मिरजेच्या शासकीय मेडिकलला एमबीबीएस म्हणत असाल, तर फाईल कपाटातच राहू द्या. मेडिकलला नीट, इंजिनिअरिंगला सीईटी नाहीतर जेईई. पोरगं तबला वाजवतं की नाही, याची तिथे चौकशी नाही. खेळाडूला बारावीतही वाढीव गुण मिळतात, पण इंजिनिअरिंगच्या गुणवत्ता यादीत सीईटीचा पर्सेंटाईल चालतो. बारावीचे मार्क पात्रतेपुरते, खुल्या गटाला पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये, ४५ टक्के.

दहावीची गोष्ट वेगळी. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर ७ गुण, बी ला ५, सी ला ३. खेळाला, शास्त्रीय नृत्य-गायनाला, लोककलेलाही वाढीव गुण आहेत. बेस्ट ऑफ फाईव्हच्या, म्हणजे सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांच्या, ५०० मध्ये ७ म्हणजे १.४ टक्के. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, म्हणजे आता आपल्याकडेही कटऑफ बघत बसणं आलं. ९१.२ आणि ९२.६ यांच्यात हवं ते कॉलेज मिळतं किंवा निसटतं. त्यामुळे नववीत माझा वर्ग भरलेला असतो आणि परीक्षा झाली की रंगपेट्या माळ्यावर जातात. वाईट वाटतं. पण हे ७ गुण नसते तर चित्रकलेचा तास गणिताच्या बाईंनी केव्हाच नेला असता, हेही मला पक्कं ठाऊक आहे.

एक मात्र कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. बीएफए म्हणजे चित्रकलेच्या पदवीसाठी राज्याची जी कला सीईटी होते, तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असतं. पहिले तीन म्हणजे आमच्या ग्रेड परीक्षेचेच पेपर की! आर्किटेक्चरच्या नाटा या प्रवेशपरीक्षेतही चित्र काढावं लागतं. डिझाइनच्या चांगल्या संस्था तर हातात पेन्सिल देऊन बसवतात. तिथे सर्टिफिकेट कुणी बघत नाही, हात बघतात. आणि हात मार्कांपुरती तयारी केलेल्यांचा लगेच कळतो. स्मरणचित्रात बाजार काढा म्हटलं की निम्मी पोरं गाईडमधली डोक्यावर हंडा घेतलेली बाई काढतात. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे हमाल रोज शाळेच्या वाटेवर दिसतात, ते कागदावर येत नाहीत. ज्या पोरीच्या कागदावर ते आले, तिला मी सांगतो, बाई, तू सोडू नकोस.

मग व्हॉट्सॲपवर फिरतं ते 'आयआयटीत आता खेळावर प्रवेश'. बातमी खरी आहे, अर्धी. आयआयटी मद्रासने २०२४ मध्ये खेळाडूंसाठी प्रत्येक अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या, २०२५ पासून कलावंतांसाठीही प्रवेश सुरू केला. पण जेईई ॲडव्हान्स्डच्या रँक यादीत नाव असावं लागतंच. दिल्ली विद्यापीठातही खेळ आणि कलेच्या जागा आहेत. तिथे सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा द्यायची आणि वर खेळाची किंवा कलेची प्रत्यक्ष चाचणीही. थोडक्यात, आपल्याकडे कला-खेळानं दार किलकिलं होतं ते परीक्षा देऊन आलेल्यालाच.

आता अमेरिका. हल्ली सांगलीतूनही विचारणा होते, आणि इथे फाईलवाल्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ आहे. तिथली बरीच कॉलेजं 'कॉमन ॲप' नावाचा एकच अर्ज घेतात. त्यात उपक्रमांसाठी दहा जागा, आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. शब्द नव्हे, अक्षरं. प्रत्येक ठिकाणी आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे आणि कुठल्या इयत्तांत, हेही भरायचं. एका रविवारी मिळालेलं पदक त्या रकान्यात फार केविलवाणं दिसतं. नववीपासून बारावीपर्यंत चालू ठेवलेलं काही असेल तर ते बोलतं.

आणि त्या यादीत घरची जबाबदारी आणि पगारी काम हे रीतसर प्रकार आहेत. हे सांगितलं की पालकांना पटत नाही. तासगावकडचा एक पोरगा असाच आला होता. फाईलमध्ये पदकं. मी विचारलं, सुट्टीत काय करतोस? म्हणाला, "काय नाय सर, बेदाण्याच्या शेडवर असतो." मजुरांची हजेरी, वजनं, कुणाला किती द्यायचे, सगळं तो बघायचा. वडील शेजारी बसून म्हणाले, "ते काय लिहायचं, घरचंच काम." अहो, तेच लिहायचं! कराटेचा पट्टा दुसऱ्या पानावर गेला तरी चालेल. अर्थात खोटं वाढवून नाही, हजेरी मांडली तर हजेरी मांडली एवढंच.

इंग्लंडचं गणित आणखी वेगळं. तिथल्या अर्जात विषयाबद्दलचा ओढा बघतात. गणिताला जाणाऱ्याने हार्मोनियमबद्दल लिहून फार काही साधत नाही.

अडचण येते ती शाळेच्या पत्राची. अमेरिकेच्या अर्जाला शिक्षकांचं शिफारसपत्र बहुतेक लागतं, आणि आपल्याकडे लिहायची सवय दाखल्याची: 'सदर विद्यार्थ्याची वर्तणूक चांगली आहे.' त्यावरून तिथल्या माणसाला काहीच कळत नाही. म्हणून ज्या बाईंनी किंवा सरांनी तुमच्या मुलाला खरोखर ओळखलंय त्यांनाच गाठा, त्याने काय काय केलं ते त्यांना एका कागदावर लिहून द्या, आणि हे ऑगस्टमध्येच करा. तिथल्या लवकरच्या अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर असते, आणि तेव्हा आमच्या शाळेला दिवाळीची सुट्टी असण्याचीच शक्यता जास्त.