पोचलीस की फोन कर

मंगळवार, रात्री साडेदहा

फोनवर 'हेदवी काकू' असं नाव चमकत होतं आणि मी नुसती बघत बसले. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजायला लागला तेव्हा तो उशीखाली सरकवला, जसं काही काकूंना तिकडून मी दिसतेच आहे.

परत येऊन एकवीस दिवस झाले. "पोचलीस की फोन कर," एवढंच त्यांनी मागितलं होतं. पाचशेची नोट पुढे केली तर ती माझ्याच कमरेच्या पट्ट्यात खोचून दिली, ठेव, वाटेत लागेल म्हणाल्या. जयगडच्या फेरीबोटीवरच्या पोराला मी फोन केला. वेसवीच्या चहावाल्या दादांना फोटोसकट मेसेज टाकला. काकूंना तेवढा राहिला. राहिला कसला, केला नाही.

का ते मला माहीत आहे. लिहायची लाज वाटते म्हणून आधी इकडचं तिकडचं लिहिते.

अलिबागहून किनाऱ्याने धावत पौष पौर्णिमेला निघाले ते काही ठरवून नाही, रजाच तेव्हा मिळाली. सकाळी सहाला किनारा कसा लांबच लांब उघडा आणि ओली वाळू घट्ट, पाय उमटायचा पण रुतायचा नाही. मला वाटलं, समुद्र असाच असतो. तिसऱ्या दिवशी आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीच्या बोटीची वाट बघत होते, तिथे एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, आज तिथी कुठली? मी फोन काढला. ते हसले. "द्वितीया. तिथीची पाऊणपट करायची. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडला भरती. सहा तास मागे जा, साडेसातला ओहोटी." तेवढ्यात बोट लागली. नाव विचारायचं राहिलं, पण पुढचे आठ दिवस मी त्या पाऊणपटीवर धावले. अजून सवय गेलेली नाही. आज सकाळी दूध तापवता तापवता कॅलेंडर बघून भरतीची वेळ काढली. इथे नाशकात, सातपूरला. गोदावरीला भरती कुठली, धरणातून पाणी सोडलं तर किती चढलं ते नदीतल्या दुतोंड्या मारुतीला विचारायचं.

नवव्या दिवशी अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे ऐन सकाळी घट्ट वाळू पाण्याखाली, मला वरचा रस्ता धरणं भाग. कोकणातला वरचा रस्ता म्हणजे गाव खाली खाडीला, पुढचा सडा, म्हणजे उघडं कातळी पठार, वर, पुढचं गाव पुन्हा खाली. पांडवलेणी चढून केलेल्या सरावाचा मला फार गर्व होता. वेळणेश्वर मागे टाकून हेदवीकडे जाताना सड्यावर जांभ्याच्या बारीक खड्यांवरून पाय सटकला आणि घोटा असा फिरला की मी रस्त्यातच बसले. ऊन चढलेलं, सावलीला एक झाड नाही.

काकू डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन येत होत्या. थांबल्या. मोळी खाली टाकली. "काय गो, कुणाची तू?"

त्यांच्या पडवीत मला बसवलं आणि सहाणेवर आंबेहळद उगाळायला घेतली. गोल गोल, सावकाश, मध्येच पाण्याचा थेंब टाकत. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं. लेप लावायला त्यांनी माझा पाय मांडीवर ओढला तसा मी झटकन मागे घेतला. आईच्या वयाची बाई, आणि माझे ते नऊ दिवसांचे पाय. "पाय दे इकडं," म्हणाल्या, जरा रागानेच. रात्री तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथी त्यांनी न विचारता वाढली.

आणि मग विचारलं, नवस कसला?

हां. तर ते हे.

पहिले दोन दिवस मी खरं सांगत होते. धावतेय. कशाला? अशीच. लोक पाणी द्यायचे, पण तांब्या हातात देताना चेहरा वाचायचे. शर्यत आहे का? बक्षीस किती? घरचे कुठायत? दिवेआगरला एका आजींनी माझं उत्तर यायच्या आत शेजारणीला सांगून टाकलं, नवस असेल गो, पुळ्याच्या गणपतीचा. मी 'हो' म्हणाले. एवढंच केलं. पण त्या 'हो'नंतर दारं जी उघडली! बागमांडल्याला माझ्या तिकिटाचे पैसे कोणीतरी परस्पर दिले. हर्णैला एका बाईने माझे मोजे धुऊन वाळत घातले. खरं कारण वहीत मागे आहेच, ऑक्टोबरच्या पानांवर, ते आता उगाळत नाही. पण ते कारण सांगून मोजे धुऊन मिळाले नसते, हे नक्की.

तर काकूंनी विचारलं कसला, आणि मी म्हणाले, आईच्या तब्येतीचा. कसं आलं तोंडात कोण जाणे. काकू काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि देवापुढे तेल घालून आल्या.

माझी आई त्या वेळी त्र्यंबक रोडवर निवृत्तीनाथांच्या यात्रेला निघालेल्या दिंड्यांना चहा वाटत होती. ठणठणीत. फोनवर मलाच म्हणाली, "तू लोकांच्या दारात आणि दिंड्या आपल्या दारात. एक कप धरायला कोणी नाही इथे."

म्हणून फोन केला नाही. केला की काकू पहिलं आईचंच विचारणार. एकवीस दिवस मी स्वतःला सांगतेय की उद्या करू. तसंही परत आल्यापासून सगळं उद्यावरच आहे. ऑफिसात एकीने विचारलं, किती किलो उतरलं. एकाने फोटोला नुसता अंगठा दाखवला. बाबा असते तर नकाशा घेऊन बसले असते, पण ते एक असो. घोटा अजून सकाळी दुखतो. बुटांमधली वाळू मी झटकलेली नाही, आणि ती घरात कोणाला दिसलेलीही नाही. रडूच येत होतं मघाशी, खोटं कशाला बोलू. आणखी.

साडेआठला लावला शेवटी फोन.

"पोचलीस काय गो? म्हटलं वाटेत कुठं पडलीस की काय परत!" आणि पाठोपाठ, "आई कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हणाले. हे तरी खरं होतं.

"पावला हो," काकू म्हणाल्या, आणि मला भिंतीत शिरावंसं वाटलं. मी सांगायला तोंड उघडलं, की काकू, ते नवसाचं ना... पण त्यांना घाई होती. त्यांच्या धाकट्याचं आणि सुनेचं त्र्यंबकला नारायण नागबळी ठरलंय, येत्या शुक्रवारपासून तीन दिवस. ती दोघं गुरुजींकडेच राहणार. दोन पोरं आणि काकू राहिल्या. "नाशकात तुझ्याशिवाय कोण आहे गो आमचं?"

एकवीस दिवस मी ऋण, खोटेपणा वगैरे मोठं काहीतरी मनाशी घोळवत होते आणि काकूंना तीन रात्रींची जागा हवी होती. मला आधी हसू आलं, मग हायसं वाटलं, मग आठवलं की घरात गाद्या तीनच आहेत. मग आठवलं, शुक्रवारी आई समोर असणार. चपात्या लाटत.

आईला सगळं सांगितलं, नवसासकट. तिने भाजी निवडणं थांबवलं नाही.

"मला काय झालं होतं म्हणे?"

"तब्येत एवढंच म्हटलंय. गुडघे सांग विचारलं तर."

"गुडघे आहेतच," आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पोरं द्राक्षं खातात का विचार. आणि लंगडायचं कुठल्या पायाने ते आधी ठरव, नंतर माझा गोंधळ नको."

दोन गाद्या वरच्या वहिनींकडे मिळतील. काकूंना सगळं खरं सांगेन, पण पोरं झोपल्यावर. शुक्रवारी तिथी कुठली ते बघून ठेवलं, उगाच.