आमची वाटचाल: कानाच्या अंदाजापासून नऊ कापांच्या तक्त्यापर्यंत

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत आमचं टर्निंगचं, म्हणजे लेथवर गोल भाग कापण्याचं, वर्कशॉप आहे. शाफ्ट, पिना, बुश हे मुख्य काम. माल बहुतेक एन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद), थोडा एन-२४ (जास्त मजबूत मिश्र पोलाद). साध्या लेथवर स्पीड-फीड (कापण्याचा वेग आणि दर फेऱ्याला टूल किती सरकतं ते) ठरायचं ते टर्नरच्या कानावर आणि चिपच्या रंगावर. ती जाण आजही मोलाची आहे. पण सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या लेथवर, तोच जॉब दोन पाळ्यांत दोन माणसं चालवतात. एकाच्या हाती ओव्हरराइडचं (प्रोग्रॅममधला वेग कमी-जास्त करण्याचं) बटण ८० टक्क्यांवर, दुसऱ्याच्या ११० वर. मग फिनिशही दोन तऱ्हांची आणि इन्सर्टचा (टूलला लावायच्या, बदलता येणाऱ्या कार्बाइडच्या पात्याचा) खपही. कुणाचं बरोबर, हे वाद घालून ठरत नाही. ते कापून, मोजून ठरवावं लागतं.

मोजायचं कसं, याची वाट जुनीच आहे. अमेरिकन इंजिनिअर टेलरने १९०७ साली कापण्याचा वेग आणि टूलचं आयुष्य यांचं नातं मांडलं. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ फिशरने शेतीतल्या प्रयोगांसाठी एकाच वेळी अनेक गोष्टी बदलून प्रत्येकीचा परिणाम वेगळा काढण्याची पद्धत बसवली, जपानी इंजिनिअर तागुचींनी ती कारखान्याच्या हाताशी आणली. आम्ही वापरतो तो त्यांचा एल-९ तक्ता.

वेग, फीड आणि कापाची खोली प्रत्येकी तीन पातळ्यांवर घेतली, तर सगळ्या जोड्या २७ होतात. एल-९ मध्ये नऊच. एन-८ साठी आमच्या पातळ्या अशा: वेग १४०, १८०, २२० मीटर प्रति मिनिट, फीड ०.१४, ०.१८, ०.२२ मिमी प्रति फेरा, खोली ०.६, १.०, १.४ मिमी. तक्त्याची रचना अशी की वेगाची प्रत्येक पातळी फीडच्या आणि खोलीच्या प्रत्येक पातळीबरोबर एकदाच येते. म्हणून १८० च्या तीन कापांची सरासरी २२० च्या तिघांशी ताडता येते. बाकीच्यांचा भार दोन्हीकडे सारखाच पडतो.

तक्त्याला चौथा रकाना असतो. तो आम्ही मुद्दाम रिकामा ठेवतो. तिथे काहीच बदललेलं नसतानाही त्याच्या तीन सरासऱ्यांत जो फरक दिसतो, तो मापातला गोंधळ आणि न धरलेले परस्परपरिणाम यांचा. एखाद्या घटकाचा फरक तेवढाच असेल तर त्यावर निर्णय घ्यायचा नाही.

नऊ कापांवर थांबणं मात्र धोक्याचं. त्रुटीचा अंदाज बांधायला दोनच मोकळ्या मात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे उरलेली स्वतंत्र माहिती) उरतात आणि पाच टक्क्यांच्या कसोटीला एफचं मूल्य (घटकामुळे पडलेला फरक त्रुटीच्या किती पट ते) १९ च्या वर लागतं. प्रत्येक काप दुसऱ्या पीसवर पुन्हा घेतला की मात्रा ११ होतात आणि तीच मर्यादा ३.९८ वर येते. एकाच पीसवर स्टायलस (खडबडीतपणा मोजणारी सुई) तीनदा फिरवणं ही पुनरावृत्ती नव्हे. त्याने फक्त मापयंत्राची परीक्षा होते.

खरी मेहनत कापण्याआधी असते. सगळे तुकडे एकाच हीटचे (पोलादाच्या एकाच ओतीचे) घ्यायचे आणि प्रत्येकाचा ब्रिनेल कडकपणा नोंदवायचा. काळी साल आधी काढून टाकायची. दर कापाला नवी धार: आमच्या सीएनएमजी १२०४०८ इन्सर्टला (टोकाची गोलाई ०.८ मिमी) चार धारा, म्हणजे १८ कापांना पाच इन्सर्ट. व्यास बदलला तरी वेग ढळू नये म्हणून प्रोग्रॅममध्ये जी९६ (कापण्याचा वेग कायम ठेवणारा कोड) लावायचा, ओव्हरराइड १०० वर कुलूपबंद. कूलंटची (थंड ठेवणाऱ्या द्रवाची) तीव्रता रिफ्रॅक्टोमीटरने बघायची. आणि कापांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. १४० पासून २२० पर्यंत ओळीने कापत गेलं तर मशीन तापत जाते, आणि त्या तापण्याचा परिणाम वेगाच्या नावावर जमा होतो. ऑपरेटरला सेटिंग वारंवार बदलण्याचा कंटाळा येतो हे खरं, पण इथे सूट देता येत नाही.

रफनेस (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) मोजताना कट-ऑफ, म्हणजे मोजणीचा एक टप्पा, ०.८ मिमी, मोजणीची लांबी ४ मिमी, आणि पीसवर १२० अंशांच्या अंतराने तीन जागा.

आता सूत्रांवरून एका जॉबचा हिशेब बघा. ५० मिमी व्यास, १५० मिमी लांबी, ड्रॉइंगवर आरए (सरासरी रफनेस) जास्तीत जास्त १.६ मायक्रॉन. वेग १८० आणि फीड ०.१८ ला स्पिंडल सुमारे ११४६ आरपीएम, कापायला ४३.६ सेकंद. वेळ ३५.७ सेकंदांवर आणायचा तर दोन रस्ते: वेग २२० करा, किंवा फीड ०.२२. वेळ दोन्हीकडे तेवढाच वाचतो. पण टेलरच्या सूत्रात कार्बाइडसाठी घातांक ०.२५ धरला, तर वेग वाढवल्यावर टूलचं आयुष्य ४५ टक्क्यांवर येतं. फीडने आयुष्य त्या मानाने बरंच कमी घटतं, मात्र फिनिश बिघडते: फीडचा वर्ग भागिले (३२ गुणिले नोज रेडियस, म्हणजे इन्सर्टच्या टोकाची गोलाई), म्हणजे ०.८ रेडियसला १.२७ वरून १.८९ मायक्रॉन. ड्रॉइंगच्या बाहेर.

इथे १२०४१२ इन्सर्ट लावला, रेडियस १.२, की ०.२२ फीडलाही हिशेब १.२६ वर येतो. वेळ वाचला, वेग तोच राहिला, फिनिशही राहिली. आमच्या मते टर्निंगमधली सगळ्यात दुर्लक्षित बचत हीच. दोन अटी आहेत. मोठ्या रेडियसने आडवा दाब वाढतो, त्यामुळे लांब आणि बारीक शाफ्टवर टेलस्टॉकचा (दुसऱ्या टोकाचा) आधार असूनही चॅटर, म्हणजे थरथर, येऊ शकतो. आणि खोली रेडियसच्या दोन-तृतीयांशांहून, म्हणजे इथे ०.८ मिमीहून, कमी ठेवली तर धार कापण्याऐवजी घासते. त्यामुळे या इन्सर्टला ०.६ ची पातळी चालत नाही.

सूत्राचा आकडा हा तळ आहे, प्रत्यक्ष माप त्याच्या वरच येतं. कमी वेगाला धारेवर धातू चिकटतो आणि १४० च्या कापांत फिनिश सूत्राच्या बरीच पुढे जाऊ शकते. म्हणून नुसतं सूत्र पुरत नाही, तक्ता लागतो. सरासरीबरोबर आम्ही सिग्नल-टू-नॉइजही काढतो: सरासरी आणि चढउतार दोन्ही एकत्र तोलणारा आकडा, जितका वर तितका चांगला. १.२, १.२ आणि ०.८, १.६ या दोन्ही जोड्यांची सरासरी १.२ च, पण पहिलीचा आकडा उणे १.५८ आणि दुसरीचा उणे २.०४ डेसिबल. दुसरी जोडी मर्यादेला टेकलेली आहे हे सरासरी सांगत नाही. हे सगळं एक्सेलमध्ये होतं, महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

निवडलेलं सेटिंग नऊ कापांत नसेलही. म्हणून पुष्टीसाठी त्याच सेटिंगवर वेगळे पीस कापतो आणि माप अंदाजाच्या टप्प्यात बसलं तरच मशीनवर कार्ड लावतो. बसलं नाही, तर वेग आणि फीड एकमेकांत गुंतले आहेत असं धरायचं. एल-९ ते गुंतणं सुटं करून दाखवत नाही. तेव्हा दोन पातळ्यांचा आठ कापांचा पूर्ण तक्ता घेतो. हार्डन-टेम्पर केलेल्या एन-२४ ला आता आम्ही सुरुवातच त्या आठ कापांनी करतो. मालाची हीट किंवा इन्सर्टचा ग्रेड बदलला की जुनं कार्ड उतरतं आणि पुष्टीचे काप पुन्हा होतात.