खिडकीबाहेरचा हात

बाबांच्या प्रीमियर पद्मिनीतून कोल्हापूरला आत्याकडं जाताना मी ट्रक मोजायचो. बेळगाव ते कोल्हापूर 110 किलोमीटर, पी. बी. (पुणे-बेंगळुरू) रोड तेव्हा दोनच पदरी, आणि मागं टाकलेला प्रत्येक ट्रक म्हणजे आमची एक धाव. परतीला तवंदी घाट लागला की धावफलक बंद. पुढं ट्रक, त्याच्या पुढं ट्रक, सगळे खालच्या गिअरात कण्हत चाललेले.

घाटात ओव्हरटेक करायचा की नाही, हे बाबा स्वतः ठरवत नसत. पुढच्या ट्रकच्या उजव्या खिडकीतून एक हात बाहेर यायचा. तळवा खाली दाबला, की थांबा, समोरून येतंय. मनगट पुढं झटकलं, की जावा. पुढं गेल्यावर बाबा दोनदा हलकेच हॉर्न वाजवायचे, तो त्या हाताला रामराम. इंडिकेटरवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. कुणी उजवा लावून 'जा' म्हणायचा, कुणी उजवाच लावून 'येऊ नको' म्हणायचा, आणि एखादा खरंच उजवीकडं वळायचा. डावी बाजू किन्नराकडं (क्लीनरचा किन्नर आपल्याकडं कधी झाला कुणास ठाऊक). तो दारावर थापा मारून सायकली, म्हशी आणि प्रसंगी आम्हालाही बाजूला करायचा. ट्रक तमिळनाडूचा असो की पंजाबचा, हात सगळ्यांना कळायचा. पाटी कुठल्या भाषेत असावी यावरून आमच्याकडं काय काय झालंय ते सांगायला नको. हाताबद्दल कुणी मोर्चा काढल्याचं ऐकलं नाही.

मग 2000 नंतर सुवर्ण चतुष्कोनात रस्ता चौपदरी झाला. पुढं त्याचा नंबरही 4 चा 48 झाला, आम्ही अजून पी. बी. रोडच म्हणतो. समोरून कुणी येतच नाही म्हटल्यावर हात कुणाला कशाला दाखवायचा? आता ट्रकवाला आणि मी एकमेकांशी बोलत नाही.

बोलत नाही, पण मी त्याच्यावर चिडतो. भरलेला ट्रक उजव्या पट्ट्यातून का चालतो, यावर वंटमुरीच्या चढाला मी पुष्कळ दातओठ खाल्लेत. नियमानं अशा हायवेवर कारला 100 आणि मालट्रकला 80 ची मुभा. कागदावर फरक वीसचाच. पण दहाचाकीला 2018 पासून मालासकट 28.5 टनांची परवानगी आहे, आधी ती 25 ची होती. एवढं वजन चढाला लागून विशीवर आलं, की आमच्यातलं अंतर ऐंशीचं होतं. डाव्या पट्ट्यात जा म्हणावं, तर तिथं उलट्या दिशेनं येणारी मोटरसायकल असते, हात दाखवला तिथं प्रवासी घ्यायला थांबलेलं वडाप असतं. कधीतरी बंद पडलेल्या ट्रकभोवती मांडलेले दगड नि फांद्या असतात. ट्रक दुरुस्त होऊन जातो, दगड राहतात. एकदा मोडलेला वेग परत जमवायला त्या बिचाऱ्याला किती गिअर बदलावे लागत असतील. कारण पटतं, राग जात नाही. मग मी डावीकडून पुढं घुसतो. त्याच्या आरशात त्याचं तोंड दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही, हे ठाऊक असून घुसतो.

आणि नोव्हेंबरात गाळप सुरू झालं की ट्रकही परवडला म्हणायची वेळ येते. संकेश्वरच्या आसपास रात्री उसाची डबल ट्रॉली आधी ऐकू येते, मग दिसते. टेप फुल्ल आवाजात, मागच्या दिव्याचा पत्ता नाही, आणि दोन्ही बाजूंनी ऊस रस्त्यावर लोंबतोय. एकदा त्या गाण्यामुळंच वाचलो. काच खाली होती म्हणून.

हात अजून शिल्लक आहे तो गोव्याच्या वाटेवर, चोर्ल्यात. तिथं रस्ता दोनच पदरी आणि वळणावर वळण. मागच्या पावसाळ्यात घाट उतरताना एका ट्रकमागं अडकलो. धुकं, त्यात ब्रेकचे लायनर जळाल्याचा उग्र वास.

"त्याचे लायनर जळूलालेत बघा," बायको म्हणाली, "लांबच राहा."

तेवढ्यात उजव्या खिडकीतून हात आला. तळवा खाली. मी थांबलो, आणि वळणावरून खरंच एक बस आली. ती गेली, हात पुढं झटकला गेला. मी पुढं निघालो, बाबांसारखे दोन हॉर्न दिले, ऊर भरून आला वगैरे.

वास मात्र आमच्याबरोबरच आला. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, हे बाबांचं घाटातलं पहिलं वाक्य. माझी गाडी ऑटोमॅटिक. मी पूर्ण घाट 'डी'मध्ये, पाय ब्रेकवर ठेवून उतरलो होतो. केरीला चहाला थांबून चाकाजवळ हात नेला तर चटका बसेल इतकं तापलेलं.

चहा संपेस्तोवर तो ट्रक रेंगाळत खाली आला. वास नाही, घाई नाही. खिडकीबाहेर तोच हात, बोटांत बिडी. आमच्यासमोरून जाताना त्यानं मनगट झटकून राख पाडली, अगदी तशीच.