पणजीचं माहेर सापडलं (वंशावळ, पुढचा टप्पा)

गेल्या महिन्यापर्यंत वंशावळीत पणजीच्या चौकटीत एवढंच होतं: लक्ष्मीबाई आणि आमचं आडनाव. आमच्याकडे पाच पिढ्यांत तीन लक्ष्मीबाई आहेत, तिन्ही नावं सासरी ठेवलेली. ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं की मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळं एका दिवसात बदलायचं. गोत्रसुद्धा नवऱ्याचं.

चूक माझीही होती. ग्रॅम्प्स या वंशावळीच्या संगणक-प्रणालीत सुरुवातीला मी सगळ्या बायकांना सासरचंच आडनाव देऊन टाकलं. मग आजी, पणजी, आत्या सगळ्या एकाच घराण्यात जन्मल्यासारख्या दिसायला लागल्या. आता जन्माचं नाव मूळ नाव म्हणून आणि सासरचं पर्यायी म्हणून भरतो. माहेरचं आडनाव माहीत नसेल तर रकाना रिकामा. रिकामा रकाना डोळ्यांना खुपतो, पण तो खोटं बोलत नाही.

वाट दाखवली ती आजोबांच्या पितृपक्षाच्या वहीनं. महालयाला गुरुजींना सांगायची नावं त्यात आहेत. आपण वडिलांकडच्या तीन पिढ्या उतरवतो आणि वही मिटतो. मीही पूर्वी तेच केलं होतं. पण खाली मातामह, मातुःपितामह, मातुःप्रपितामह असतात. आजोबांच्या आईचे वडील, आजोबा, पणजोबा. म्हणजे माझ्या पणजीच्या माहेरचे तीन पुरुष ओळीनं, गोत्रासकट! आडनाव तेवढं नव्हतं. आमचं गोत्र वसिष्ठ, या तिघांचं कौशिक.

मग कौशिक गोत्राच्या घराण्यांचे मिळतील ते कुलवृत्तांत (घराण्याच्या इतिहासाची, वंशावळीची पुस्तकं) घेऊन बसलो. एकटं नाव कुठेही जुळतं, तीन नावांची साखळी सहसा जुळत नाही. तिसऱ्या कुलवृत्तांतात ती जुळली. मुलींना तिथे जेमतेम एक ओळ मिळते, तीही सगळ्यांना नाही. पणजीला मिळाली होती, शेवटी आमचं आडनाव आणि गाव. लक्ष्मीबाई माहेरची द्वारका होती.

आजीच्या पिढीला फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या सरकारी नोंदी, जास्त उपयोगी पडले. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं मुलीही वडिलांच्या वारस झाल्या. त्यानंतर मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाच्या वारस नोंदीत मुलींची नावं सासरच्या आडनावासह येतात, पुढे हक्कसोडपत्र झालं तरी. वडील आणि नवरा दोघं एकाच कागदावर. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतात. नावापुढचं ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार (नवरा), आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. मी बरेच दिवस ‘कोम’ म्हणजे जात समजत होतो.

दोन ठिकाणी फसायला होतं. मामाची मुलगी करायची रीत असलेल्या घरांत तेच माहेर पिढ्यानपिढ्या येतं, म्हणून सारख्या नावाच्या सासू-सुना एकच समजून जोडू नका. आणि पाट लागलेल्या, म्हणजे दुसरं लग्न झालेल्या बाईची दोन सासरं असतात. एकीला मी वर्षभर दोन बायका समजत होतो.

आता द्वारकेच्या आईचा शोध. वहीत मातामही म्हणून नाव आहे: लक्ष्मी. तेही सासरचंच असणार.