बागलाणात यायचे तर दोन दिवस काढून या

नाशिकला आलेल्या पाहुण्यांनी एखादा किल्ला पाहायचा म्हटले की त्यांना हरिहर किंवा ब्रह्मगिरी सुचवला जातो. मी त्यांना जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेलगतच्या बागलाणात जायला सांगतो, कारण सेलबारी-डोलबारीच्या डोंगररांगांइतकी रानवट शांतता मला त्र्यंबकच्या बाजूला कधी मिळाली नाही.

साल्हेर हा १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी याच्या पायथ्याशी मोगलांना उघड्या मैदानात हरवले आणि त्या लढाईत सूर्याजी काकडे पडले. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आल्यापासून येथे येणारे वाढले आहेत, पण बहुतेक जण सकाळी चढून संध्याकाळी परत फिरतात, आणि हीच चूक मीही पहिल्या खेपेला केली होती. वाघांबे गावातून साल्हेर आणि त्याच्या शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीत पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आले, पाणी निम्म्यावर आले आणि सालोटा नुसता खालून पाहून परतावे लागले. दुसऱ्या खेपेला गडावरच्या गुहेत मुक्काम केला. पहाटे परशुरामाच्या मंदिरापाशी उभे राहिल्यावर एका बाजूला मांगी-तुंगीचे जुळे सुळके आणि दक्षिणेला धोडप दिसला, तेव्हा आदल्या वेळी काय हुकले होते ते कळले.

खिंडीवरच्या कातळकोरीव पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत आणि पावसाळा सरताना त्या खोलगटात ओंजळभर पाणी व शेवाळ साचते. आमच्या वाटाड्याने तेथेच थांबवून सांगितले होते, ''उतरताना पाऊल आडवं टाका भाऊ, घाई करू नका.'' सालोट्याची वाट तर याहून अरुंद आणि घसाऱ्याची आहे. उंचीची भीती असलेल्यांनी ती सोडून द्यावी, त्यात कमीपणा नाही.

एकच दिवस हाती असेल तर मुल्हेर किल्ला गाठावा. माचीवरचे सोमेश्वर मंदिर आणि मोती तलाव झाडीत आहेत, आणि दमसास असेल तर शेजारचा मोराही त्याच दिवशी होतो. घरची वडीलधारी मंडळी बरोबर असतील, तर पायऱ्यांची बांधीव वाट असलेले मांगी-तुंगी बरे.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. गावातलाच वाटाड्या घ्यावा, त्याचे पैसे आधी ठरवावेत, आणि परतल्यावरच्या पिठल्या-भाकरीचे त्याच्याच घरी निघण्यापूर्वी सांगून ठेवावे.